डाव्या पायात सायटिका, ऑपरेशन सांगितलंय. बडोदा–अंकलेश्वर अप-डाउन चालू ठेवू का?

दांडियाबाजारकर

नमस्कार मंडळी. वय ४७, राहायला बडोद्यात दांडिया बाजारात. अंकलेश्वरच्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) एका केमिकल कंपनीच्या स्टोअरला आहे, त्यामुळे रोजचं अप-डाउन. सकाळी ॲक्टिव्हाने स्टेशन, मग पासवाल्यांचा डबा, तिकडे कंपनीची बस. डब्यात मला बहुतेक वेळा चौथी सीट मिळते. ज्यांनी अप-डाउन केलंय त्यांना ती सांगायला नको: बाक तिघांचा, चौथा एका कुल्ल्यावर टेकलेला, एक पाय बाहेर पॅसेजमध्ये आणि अंग तिरकं.

पावसाळ्यापासून कंबर धरत होती. दिवाळीनंतर दुखणं पायात उतरलं. डाव्या कुल्ल्याच्या मधोमध सुरू होतं, मांडीच्या मागून पोटरीच्या बाहेरच्या अंगाने खाली येतं आणि पावलाच्या वरून अंगठ्यापर्यंत जातं. अंगठ्याला सारख्या मुंग्या. शिंक आली की अंगठ्यापर्यंत चमक निघते. उभा असलो की सुसह्य असतं, बसलं की वाढत जातं. बुटाच्या नाड्या मुलगी बांधून देते. बारावीचं वर्ष आहे तिचं, सकाळी पुस्तक बाजूला ठेवून माझ्या पायाशी बसते. फार वाईट वाटतं.

एमआरआय झाला. एल४-एल५ची, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी बाहेर येऊन डावीकडच्या नसेवर दाब, त्याखालच्या एल५-एस१च्या गादीला झीज आणि फुगवटा. एका सर्जननी फिल्म दिव्यासमोर धरली आणि म्हणाले, ऑपरेशनची तारीख घ्या. पायाला हातसुद्धा लावला नाही. दुसऱ्या हाडांच्या डॉक्टरांनी थांबायला सांगितलं आणि प्रेगाबालिन (नसेच्या दुखण्याची गोळी), मिथाइलकोबालामिन (बी१२) लिहून दिलं. प्रेगाबालिनने दुपारी गरगरतं आणि मी दिवसभर ड्रम आणि फोर्कलिफ्टच्या मधे असतो, त्याची धास्ती वाटते.

आई म्हणते, हाडवैद्याकडून नस बसवून घे. आमच्या आजोबांनी हाडं बसवण्यात नावाजलेल्या प्रा. माणिकरावांच्या काळात त्यांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात (बडोद्याच्या आखाड्यात) मेहनत केलेली, त्यामुळे हाड बसवणाऱ्या हातावर घरात मोठा विश्वास. मलाही त्या विद्येबद्दल आदर आहे. पण माझं काही निखळलेलं नाही, हे नसेचं आहे. कंबर कोणाच्या हाती द्यायचा धीर होत नाही.

ऑपरेशन करून मोकळं व्हावं का थांबावं? घरी पडून राहण्याइतकी रजा शिल्लक नाही. ज्यांनी हे भोगलंय त्यांनी कृपया लिहा.

रावपुऱ्याची ताई

भाऊ, तुमचं वाचून आज स्वयंपाक बाजूला ठेवला आणि लिहायला बसले. माझा उजवा पाय होता. पोटरीच्या मागून टाचेत आणि करंगळीपर्यंत जायचं. रात्री तीनला जाग यायची आणि मी देवघरापाशी उभी राहायची, कारण झोपणं आणि बसणं दोन्ही नकोसं.

एक गोष्ट आधी सांगते, ती मला वेळेवर कळली म्हणून मी टिकले. फिजिओथेरपिस्टने मला पालथं झोपायला शिकवलं होतं. आधी नुसतं पालथं, हात अंगाशी. काही दिवसांनी कोपरांवर छाती उचलून. करता करता टाचेतलं दुखणं गेलं, मग पोटरीतलं, पण कंबर आधीपेक्षा जास्त दुखायला लागली. मी घाबरून फोन केला की ताई, हे उलटंच चाललंय. ती म्हणाली, काकू, आपल्याला हेच हवंय! दुखणं पायातून वर सरकत कमरेत गोळा होतंय म्हणजे नस मोकळी होतेय. कंबर दुखली तरी चालेल, पायात खाली उतरलं तर थांबायचं आणि मला सांगायचं. तेव्हापासून मी दुखणं किती आहे ते मोजायचं सोडलं आणि कुठपर्यंत येतं ते बघायला लागले. मला जमलं म्हणून तुम्हाला तेच लागू पडेल असं नाही. काहींचं पाठ मागे वाकवली की वाढतं. म्हणून एकदा कोणाच्या देखरेखीखाली करा.

पडून राहू नका हो. एखादा दिवस ठीक, त्याहून जास्त नको. मी आधी घरातल्या घरात, मग सूरसागर तलावाला फेरी मारायची. लांब एकदम नाही, थोडं थोडं, दिवसातून बऱ्याच वेळा. आता सकाळी कमाटीबागेत जाते. ओट्याशी उभी असताना एक पाय लाकडी पाटावर ठेवायची, थोड्या वेळाने दुसरा. भांडी घासणारीचं स्टूल मी मागून घेतलं होतं आणि डाळ-तांदूळ निवडायला उभ्यानेच डायनिंग टेबल.

पलंगावरून सरळ उठू नका. कुशीवर वळा, दोन्ही गुडघे एकत्र ठेवा, पाय पलंगाखाली सोडा आणि त्याच वेळी हाताने गादीला रेटा द्या. कंबर मधे पिळता कामा नये. ही एक सवय मी अजून सोडलेली नाही.

आणि लेकीला नाड्या बांधू द्या. तिलाही काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. नाहीतर बिननाडीचे बूट घ्या.

अकोटा फिजिओ

ताईंनी पालथं झोपण्याचं सांगितलं ते बरोबर आहे. आम्ही रोज पेशंटला हेच समजावत असतो.

दांडियाबाजारकर, तुम्ही दुखण्याचा रस्ता इतका नेमका लिहिलाय की तो एल५ नसेशी जुळतो, आणि तुमच्या एमआरआयमधली एल४-एल५ची गादीही बहुतेक याच नसेवर दाब देते. तरी आधी धोक्याच्या खुणा बघू. लघवीला अडणं, लघवी-संडासवर ताबा न राहणं, दोन मांड्यांच्या मधे जिथे आपण सायकलच्या सीटवर टेकतो तिथे बधिर होणं, दोन्ही पायांत एकदम दुखणं किंवा पाऊल लुळं पडणं. यातलं काहीही झालं तर उद्याची वाट बघायची नाही. रात्र असली तरी थेट सयाजी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. तिथे दिवस नाही, तास मोजायचे असतात. ताप, विनाकारण वजन घटणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, हेही डॉक्टरांना आवर्जून सांगायचं.

ते नसेल तर आजच घरी एक करा. भिंतीला हात लावून टाचांवर चार पावलं चाला, मग चवड्यांवर. नंतर खुर्चीत बसून दोन्ही अंगठे वर उचला आणि घरातल्या कोणाला ते बोटाने खाली दाबायला सांगा. डावा अंगठा उजव्यापेक्षा लवकर हार मानतो का? ऑपरेशनचा विचार करताना फिल्मपेक्षा याचं वजन जास्त असतं. कारण फिल्ममध्ये वयाबरोबर बरंच काही दिसतं. २०१५ साली ३३ अभ्यास एकत्र करून ३,११० लोकांचे स्कॅन तपासले होते, ज्यांना काहीच दुखत नव्हतं असे. चाळिशीत ६८ टक्क्यांच्या गाद्यांची झीज आणि ५० टक्क्यांना फुगवटा, पन्नाशीत ८० आणि ६०. तुमच्या एल५-एस१च्या झिजेची चिंता म्हणूनच मला फारशी नाही.

ऑपरेशनबद्दल. नेदरलँड्समध्ये २८३ लोकांवर झालेला अभ्यास २००७ साली छापून आला. सगळ्यांना ६ ते १२ आठवडे तीव्र सायटिका. अर्ध्यांचं लवकर ऑपरेशन, अर्ध्यांना थांबवलं. ऑपरेशनवाल्यांचा पाय लवकर मोकळा झाला, हे खरं. पण वर्षाअखेर दोन्हीकडचे ९५ टक्के बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांनी वर्षभरात ऑपरेशन करून घेतलं, म्हणजे बाकीच्यांना गरज पडली नाही. बाहेर आलेली गादी पुष्कळदा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं. म्हणून ताकद शाबूत असेल आणि पायातलं दुखणं वर सरकत असेल तर थांबा. ताकद घटत असेल, किंवा सहा-आठ आठवडे नीट उपचार करूनही झोप आणि काम अशक्य असेल, तर ऑपरेशन हा चांगला मार्ग आहे, त्याला घाबरायचं कारण नाही.

प्रेगाबालिन सायटिकाला आपल्याकडे सर्रास दिलं जातं. २०१७ साली ऑस्ट्रेलियात २०९ पेशंटवर तपासलं तेव्हा साध्या, औषध नसलेल्या गोळीपेक्षा त्याने दुखणं कमी झालं नाही. गरगरणं मात्र वाढलं. तुमच्या ड्रम-फोर्कलिफ्टची गोष्ट डॉक्टरांना जरूर सांगा. पण गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका, डोस हळूहळू उतरवावा लागतो.

हाडवैद्याबद्दल तुमचं मन जे सांगतंय ते ऐका. सांधा निखळल्यावर बसवणं वेगळं. बाहेर आलेल्या गादीवर कंबर झटक्याने पिळली तर दाब वाढू शकतो. आईंना दुखवायचं नसेल तर त्यांना गरम पाण्याची पिशवी शेकायला सांगा, त्याने आखडलेले स्नायू खरंच सैल होतात.

मांजलपूरचा सुधीर

मला कटिबस्तीने बरं वाटलं होतं. कमरेवर उडदाच्या पिठाची पाळ करून त्यात कोमट तेल ठेवतात. गादी आत गेली असं मी म्हणणार नाही, पण ती ऊब आणि तो अर्धा तास निवांत पडणं, त्या रात्री झोप लागायची. डिग्री असलेल्या वैद्याकडेच करा आणि एमआरआय सोबत न्या.

दांडियाबाजारकर

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं, हाडवैद्याचा विषय तिने स्वतःच सोडला.

अंगठ्याची चाचणी केली. टाचांवर आणि चवड्यांवर दोन्ही चालता येतं. पण बायकोने दाबलं तर डावा अंगठा खाली जातो, उजवा ठाम राहतो. धोक्याच्या बाकी खुणा नाहीत. काय समजू? आणि अप-डाउनचं काय करू?

अकोटा फिजिओ

टाचेवर चालता येतंय म्हणजे पाऊल लुळं पडलेलं नाही, पण अंगठा कमी पडतोय याची नोंद डॉक्टरांकडे झालीच पाहिजे. उद्या-परवाच दाखवा, पुढच्या आठवड्यावर टाकू नका. जो हाताने पाय तपासेल, गुडघ्या-घोट्यावर हातोडी मारून बघेल, त्याच्याकडे जा, मग तो सर्जन असो वा न्यूरोचा. "अंगठ्याची ताकद पाचपैकी किती?" असं विचारा आणि कागदावर लिहून मागा. पुढच्या वेळी त्याच आकड्याशी ताडता येईल. मधल्या काळात घरी रोज एकाच वेळी तपासा. घसरतोय असं वाटलं किंवा टाचेवर चालताना पाऊल लटपटलं तर त्याच दिवशी सर्जनकडे, मग थांबायचा आग्रह मीही धरणार नाही.

दाखवेपर्यंत रजा टाका. नंतर परवानगी मिळाली तरी काही दिवस ॲक्टिव्हा नको, खड्ड्यांतले दणके कमरेलाच बसतात. ड्रम हलवायला हात लावायचा नाही, तसं सर्टिफिकेट डॉक्टरांकडून घेऊन कंपनीत द्या.

पासवाला भरूच

दादा, मीही याच लाइनचा. माझं भरूचपर्यंत असतं. चौथी सीट तर आता विसराच. ग्रुपमध्ये स्पष्ट सांगा, खिडकीची कोपऱ्यातली जागा मागा, पासवाले देतात, आमच्याकडे एका काकांना आम्ही सहा महिने दिली होती. पण मिळाली म्हणून अंकलेश्वरपर्यंत बसून राहू नका. करजणपर्यंत उभे राहा, पालेजपर्यंत बसा, परत उभे. दारात नाही, आत बाकाच्या पाठीला टेकून. वरच्या बर्थवर चढायला कोणी कितीही आग्रह केला तरी चढू नका, उतरताना कंबर पिळली जाते. जेवणाच्या डब्याची बॅग खांद्याला एकीकडे लटकवण्याऐवजी पाठीवरची घ्या. आणि स्टेशनला सकाळी शेअर रिक्षा नको, तिथेही तुम्हाला कडेलाच बसवतील. घरचं कोणी सोडायला येत असेल तर कारने या, नाहीतर पूर्ण रिक्षा करा.