डिस्काउंटसाठी डीलरचं कर्ज घेऊन नंतर बँक बदलावी का?

प्रश्न: नवीन गाडी ठरवतोय. डीलर म्हणतो, रोख सूट हवी तर कर्ज आमच्याकडूनच, ११ टक्क्यांनी, ५ वर्षांसाठी. माझी बँक ९ टक्क्यांनी द्यायला तयार आहे. सूट घेऊन दोन महिन्यांत कर्ज बँकेकडे वळवलं तर चालेल ना?

उत्तर: मी हेच केलंय. दर लाखामागे हप्ता २,१७४ वरून २,०७६ होतो, म्हणजे पहिल्या दिवसापासून ९ टक्के धरले तर ५ वर्षांत साधारण ५,९०० वाचतात; उशिरा वळवलं तर त्याहून कमी. पण करारातली मुदतपूर्व फेडीची ओळ सही करण्याआधी वाचा. माझ्या करारात शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात होतं : सहा महिन्यांच्या आत कर्ज बंद केलं तर सूट परत द्यावी लागेल. सेल्समन त्यावर अवाक्षर बोलला नव्हता, राग आला मला. मग सातव्या महिन्यात वळवलं.

उत्तर: या बचतीतून नवीन बँकेची प्रोसेसिंग फीसुद्धा वजा करा. वळवायचंच तर लवकर, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजच जास्त जातं.

प्रश्नकर्ता: करार मागवला. तीन महिन्यांची अट आहे, दंड २ टक्के. चौथ्या महिन्यात दंड लागतो का, ते लेखी विचारलंय.

उत्तर: छान. गाडीच्या नोंदणीवरचा जुना बोजा, म्हणजे आधीच्या कर्जदात्याच्या नावाची नोंद, उतरवायला विसरू नका.