ठाणे: टीव्हीवरचं आणि तलावपाळीवरचं

लातूरवाला
नौपाड्यात मावशीकडे आठ दिवस राहून आलो. निघताना शेजारच्या आबांनी बजावलं होतं, "तिथं राजकारणावर तोंड उघडू नकोस, पोरं हात उचलतात." जून २०२२ पासून आमच्याकडे ठाणे म्हणजे बातम्यांतलं ठाणे: एकनाथ शिंदेंचं शिवसेनेतलं बंड, फ्लेक्स, घोषणा. आठ दिवसांत माझ्यावर आवाज चढवला तो एका रिक्षावाल्याने, तोही सुट्ट्या पैशांवरून.

बाकी काय पाहिलं? कोपिनेश्वराचं दर्शन घेऊन तलावपाळीच्या कट्ट्यावर टेकलेल्या आज्या. १८९३ पासून चालू असलेलं मराठी ग्रंथसंग्रहालय. मामलेदारची मिसळ (मध्यम तिखट मागवली, तरी डोळ्यांतून पाणी). गडकरी रंगायतनात नाटक पाहिलं, मध्यंतरात वड्यासाठी ही रांग! या शहराला राजकारणाशी काही देणंघेणं नाही, टीव्हीवाल्यांनी उगाच बदनाम केलंय.

टेंभीनाकेकर
शेवटच्या वाक्याशी साफ असहमत. ज्या रंगायतनाचं कौतुक करताय ते आलं कुठून? १९६७ च्या नगरपालिका निवडणुकीत बाळासाहेबांनी ठाणेकरांना नाट्यगृहाचा शब्द दिला होता. सेनेला पहिली सत्ता ठाण्यानेच दिली, वसंतराव मराठे नगराध्यक्ष झाले. पडदा वर जायला १९७८ उजाडलं, ते सोडा. पण मतांच्या बदल्यात नाट्यगृह मागणारं गाव राजकारणाबाहेरचं कसं? आणि सेनेचे जिल्हाप्रमुख आनंद दिघेसाहेबांचा दरबार? शाळेतला प्रवेश, नवराबायकोची भांडणं, सगळं रात्री तिथेच सुटायचं.

जुनी_नौपाडकर
दरबाराचं कौतुक खूप ऐकलंय. २६ ऑगस्ट २००१ ला दिघेसाहेब गेले आणि त्या रात्री जमावाने ते दाखल होते ते अख्खं रुग्णालय फोडलं, जाळलं. आत पेशंट होते. गणपतीचे दिवस, आणि बाबांनी दाराला कडी घालून दिवे मालवले होते. लातूरवाल्यांचे आबा अगदीच खोटं बोलत नव्हते.

आणि "शिवसेनेचं ठाणे" पण पुरं खरं नाही हो. १९७७ आणि १९८० ला लोकसभेत इथून रामभाऊ म्हाळगी गेले. आमची आळी तेव्हा जनसंघाची होती. नगरपालिकेला एक, दिल्लीला दुसरं, असं मत देणारी घरं मी पाहिलीत.

टेंभीनाकेकर
त्या रात्रीचं समर्थन मीही करत नाही. पण वीस-पंचवीस वर्षांची कामं एका रात्रीत पुसायची का?

जुनी_नौपाडकर
पुसत नाहीये. तुम्ही फक्त कामांची यादी दिलीत, म्हणून रात्र सांगितली.

घोडबंदर_रोड
तुम्हा दोघांचं ठाणे स्टेशनपासून तीन किलोमीटरवर संपतं. लातूरवाले, एकदा कासारवडवलीला या, सकाळी साडेआठला, आणि स्टेशन गाठून दाखवा. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो आणि शहराला म्हणे तलावांचं शहर म्हणायचं! मुख्यमंत्रिपद २०२२ ते २०२४ ठाण्यात होतं. आमच्या वाट्याला काय आलं? मेट्रोचे खांब. राजकीय ख्याती खरी की खोटी हा वाद नौपाड्यात बसूनच परवडतो.

लातूरवाला
टँकरचं आम्हाला सांगू नका, २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं :)

पण मान्य, "देणंघेणं नाही" हे जास्तच झालं. रंगायतनाचा इतिहास माहीत नव्हता. मावशीला विचारलं, तर म्हणाली, "त्यात काय सांगायचं, सगळ्यांना माहितीये." माझा मुद्दा मात्र सोडत नाही: त्या वड्याच्या रांगेत सेनेच्या दोन्ही गटांचे लोक असणारच की, आणि तिथं भांडण झालं ते फक्त चटणी संपली म्हणून.

टेंभीनाकेकर
निवडणूक लागल्यावर या. मावशीच्या सोसायटीच्या गेटवर दोन्ही गटांचे फ्लेक्स असतील आणि दोन्हींवर फोटो दिघेसाहेबांचाच.

घोडबंदर_रोड
येताना हायवेने येऊ नका.