डोंगरातल्या पिनकोडला जादा आकार कशासाठी?

गगनबावडेकर: ‘डोंगरात राहायची हौस असेल, तर घरपोच सेवेचा जादा आकार मुकाट्याने भरावा,’ असे एका सभासदाने काल येथे लिहिले. ही हौस आमच्या पणजोबांची असावी. गेल्या महिन्यात ९० रुपयांची कुकरची रिंग मागवली. कोल्हापूर शहराचा पिनकोड टाकला की पोहोच आकार ४० रुपये, आमचा गगनबावड्याचा टाकला की १६०. अंतर सुमारे ५५ किलोमीटर. तेही भरले, तरी कुरिअरवाल्याचा फोन आलाच की, ‘गाडी वर येत नाही, कळ्यात येऊन घेऊन जा.’ कळे हे गाव कोल्हापूरच्या वाटेवर, आमच्या बरेच अलीकडे. अंतराचे पैसे जरूर मागावेत, पण जे अंतर तुम्ही कापतच नाही, त्याचे कसे मागता?

शाहूपुरीतील दुकानदार: मी कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकतो, म्हणून हिशेब सांगतो. कुरिअर कंपन्या अशा गावांना ‘ओडीए’त (आउट ऑफ डिलिव्हरी एरिया, म्हणजे नेहमीच्या वाटपाच्या हद्दीबाहेर) टाकतात आणि त्याचा वेगळा आकार माझ्याकडून घेतात. शहरात एका फेरीत गल्लोगल्ली पार्सले वाटली जातात; घाटमाथ्यावर एकासाठी सगळे पेट्रोल जाळावे लागते. त्याहून मोठे दुखणे कॅश ऑन डिलिव्हरीचे. हौसेने मागवायचे आणि दारात जोड आला की ‘नको’ म्हणायचे. जाण्यायेण्याचे भाडे माझ्या बोकांडी.

चंदगडकर: नाकारणारे काय फक्त खेड्यातच राहतात? कोल्हापूर शहरात राजारामपुरीतील मंडळी तीन मापे मागवून दोन परत करतात, त्यांना कोणी बोलत नाही. भाच्याच्या वाढदिवसाला मागवलेला जोड तो पुण्याला परत गेल्यावर आला, तर मी तो कोणाच्या पायात घालावा?

शाहूपुरीतील दुकानदार: उशीर कुरिअरचा आणि भुर्दंड माझा! गेल्या दिवाळीत अकरा जोड परत आले, त्यांतला एक तर चिखलात वापरलेला. गावाचे नाव लिहीत नाही, उगाच कोणाला राग यायचा.

चंदगडकर: नाव घेण्याची हिंमत नसेल, तर सबंध तालुक्यावर शिंतोडे उडवू नका.

निवृत्त टपाल कर्मचारी: चपला जरा बाजूला ठेवा. स्पीड पोस्टचा दर वजन आणि अंतरावर ठरतो, वाडी आहे म्हणून वाढत नाही. शिवाय २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांत पोहोच आकारासह एकूण किंमत दाखवणे बंधनकारक आहे आणि ग्राहकांचे मनमानी वर्गीकरण करण्यास मनाई आहे. खर्चाचा आधार दाखवला तर ‘ओडीए’ मनमानी ठरणार नाही, हे दुकानदारांचे म्हणणे मान्य. पण कळ्यात पार्सल सोडून गगनबावड्याचे पैसे घेण्याला कोणता आधार दाखवणार?

शाहूपुरीतील दुकानदार: तेवढ्यापुरते तुमचे खरे. पुढचे जोड टपालाने पाठवून पाहतो. पैसे मात्र आगाऊ घेणार.

गगनबावडेकर: आनंद आहे. ती रिंग आज बसवून पाहिली; पाच लिटरची मागवली होती, तीनची निघाली. परत करायची तर पुन्हा कळे गाठायचे आहे.