फिट आली की बंगळूरच गाठायचं का?

खानापूरकर: काल इथं एकानं लिहिलं, "तालुक्याच्या एमबीबीएसला मेंदूचे आजार बघायला शिकवणं ही गरिबाची फसवणूक. न्यूरॉलॉजिस्ट द्या, नाहीतर गप्प बसा." वाचून डोकं तापलं. बेळगावहून बंगळूर पाचशे किलोमीटर. तिथल्या निम्हान्सला, म्हणजे मेंदू आणि मनाच्या आजारांच्या मोठ्या सरकारी दवाखान्याला जायचं तर पेशंटसोबत आणखी एकाची रोजंदारी बुडते. माणूस एकदा जातो, पुढची तारीख चुकवतो, गोळ्या संपतात, फिट परत येते. २०२२ ला कर्नाटकानं निम्हान्सच्या मदतीनं मेंदू आरोग्याचा उपक्रम काढला तो ह्याचसाठी की सरकारी डॉक्टरनंच उपचार करायचे आणि अडलं तर तज्ज्ञाला विचारायचं. नीट निदान होऊन गोळ्या नेमानं घेतल्या तर फिटचे शंभरातले सत्तर पेशंट फिटशिवाय जगू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

गोळ्या चुकतात कशानं, ते बघा की. माझ्या चुलतबहिणीची गोळ्यांची पट्टी सासरी तांदळाच्या डब्यात, तळाशी. लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. घरात पाहुणे असले की डबा उघडता यायचा नाही. शेवटी चुलीपुढंच फिट आली, हात भाजला, आणि सासूनं चप्पल हुंगवली! हिंदू विवाह कायद्यातली फिटची आडकाठी १९९९ लाच काढली, पण ते तिच्या सासूला बंगळूरचा तज्ज्ञ येऊन सांगणार का? आशाताईच सांगणार.

शहापूरची लेक: फिटचं ठीक. लकव्याचं काय? गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांत द्यावं लागतं, त्याआधी सीटी स्कॅन. आमच्या काकांना सकाळी झटका आला. आधी मालिशवाला, मग तालुका, तिथून "वर न्या". संध्याकाळ झाली. मशीनच नसेल तर शिकवलेला डॉक्टर काय करणार?

निपाणीकर: मशीन आलं तरी भाषेचं काय? झटक्यानं बाबांची वाचा गेली. थेरपीत चित्रं दाखवून कन्नडात नावं विचारायचे. बाबा जन्मभर मराठी बोललेले. कागदावर लिहिलं, "सुधारणा नाही". घरी आईनं तांब्या पुढं केला तर "पाणी" म्हणाले! २०२३ ला महाराष्ट्रानं कर्नाटकातल्या ८६५ सीमागावांना आपली मोफत उपचारांची फुले आरोग्य योजना द्यायचं ठरवलं, त्यालाही कर्नाटकाचा विरोध.

चिकोडीचे मास्तर: आला सीमाप्रश्न! काय सांगूलालाय तुम्ही? माझ्या आईला मध्यरात्री कन्नड डॉक्टरनंच वाचवलं. मोडक्यातोडक्या मराठीत आम्हाला धीर दिला. प्रत्येक धाग्यात हेच उगाळायचं?

निपाणीकर: उगाळणार. डॉक्टरशी भांडण नाही माझं. वाचा परत आणायची तर ती पेशंटच्या भाषेतच येणार ना? ह्याला राजकारण म्हणत असाल तर तुमच्या घरात अजून ही वेळ आलेली नाही.

चिकोडीचे मास्तर: घरावर जाऊ नका. वाचेपुरतं तुमचं खरं, तेवढंच मान्य. ८६५ चा इथं संबंध नाही.

खानापूरकर: दोघेही थांबा. शहापूरच्या ताई, लकव्याला सीटी हवंच, तिथं माझं काही म्हणणं नाही. पण काकांचे पहिले तास मालिशवाल्याकडं गेले. तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोबडी वळली की सीटी असेल तिथंच सरळ न्या, हे गावात सांगायला न्यूरॉलॉजिस्ट लागत नाही.

शहापूरची लेक: मालिशवाल्याचं मान्य, घरच्यांचं चुकलंच. पण तालुक्यानं परत पाठवलं त्याचं काय? तुमच्याच खानापूरच्या जंगलातल्या गावांतनं पावसाळ्यात पेशंट खांद्यावर आणावा लागतो. शिकवा हवं तेवढं, मी रस्ता आणि मशीन दोन्ही मागत राहणार.