मोठं कुत्रं रुळतं, त्याला वेळ द्या
शेल्टरमधलं, म्हणजे बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यातलं, मोठं कुत्रं नव्या घरी रुळत नाही, घ्यायचं तर पिल्लूच घ्या, हे मला अजिबात पटत नाही. पिल्लांना घर लवकर मिळतं. काही देशांत शेल्टरमधली जागा संपली की मरणाच्या इंजेक्शनची पाळी बहुतेकदा मोठ्यांवर येते. आमची कुत्री पहिले 3 दिवस सोफ्यामागून बाहेरच आली नाही. भांडं सरकवून मी खोलीबाहेर गेले की मगच खायची. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री आली आणि माझ्या पावलावर हनुवटी टेकून झोपली. कायमचं जमत नसेल तर महिनाभर तरी सांभाळा. तेवढ्यानंही एक पिंजरा रिकामा होतो, दुसऱ्या जिवाला मुदत मिळते.