शाळेचा जुना ग्रुप फोटो : सातारा-सांगलीकरांनो, अनुभव लिहा

मंडळी, भिंतीवर, माळ्यावर किंवा कपाटामागे पडलेल्या शाळेच्या फोटोंसाठी हा धागा. काळपट चौकट, जाड पुठ्ठा, मधोमध खुर्चीवर हेडमास्तर, पायाशी सतरंजीवर बारकी पोरं. नुसतं 'आमच्याकडेपण आहे' नको. फोटोतून काय कळलं ते लिहा.

सुरुवात मीच करतो. आजोबांच्या फोटोखालचं साल कसरीनं खाल्लंय, पण 'जि. दक्षिण सातारा' शाबूत आहे. हा जिल्हा १९४९ ला झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली झालं, म्हणजे फोटो त्यामधलाच. बाजूला 'इ. ११ वी' आहे, कारण तेव्हा एसएससी अकरावीला होती. आजोबा मात्र शेवटपर्यंत स्वतःला 'मॅट्रिक' म्हणवून घ्यायचे.

*सातारा*
आमच्या पणजोबांचा फोटो नीट बघितला तर उजव्या कडेला तीन पोरं जरा लांब उभी दिसतात. मध्ये हातभर जागा मोकळी. घरात कुणी त्यावर कधी बोललं नाही. याच शहरातल्या सरकारी शाळेत (आताचं प्रतापसिंह हायस्कूल) ७ नोव्हेंबर १९०० ला भीमरावांचं नाव दाखल झालं आणि त्यांना वर्गात वेगळं बसावं लागलं, हे सगळ्यांना पाठ आहे. ती मोकळी जागा आपल्याच भिंतीवर टांगलेली असेल, असं मात्र डोक्यात येत नाही.
आईकडचे एक आजोबा कर्मवीर अण्णांच्या (भाऊराव पाटलांच्या) बोर्डिंगात होते. १९२४ ला इथं सुरू झालेलं, १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते ज्याला शाहू महाराजांचं नाव मिळालं, तेच. सगळ्या जातींची पोरं एकत्र स्वयंपाक करायची, एका पंगतीत जेवायची. त्यांच्या फोटोत पोरं इतकी खेटून बसलीत की कुणाचा गुडघा कुणाचा ते कळत नाही. दोन्ही फोटो मी आता शेजारी-शेजारी लावलेत. पाव्हणे विचारतात, मग सांगावं लागतं.

*औंध*
बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते. आमच्या फोटोत अख्खी शाळा ओणवी आहे! चेहरा एकाचाही दिसत नाही. त्यातले आजोबा कोणते, यावर दिवाळीला अजून भांडणं होतात.

*सांगली, गावभाग*
२०१९ च्या ऑगस्टात पाणी पहिल्या मजल्यावर आलं. वडिलांच्या शाळेचा फोटो काचेला चिकटला. भावानं सुरीनं सोडवायला घेतला तर हेडमास्तरांचा फेटा काचेवरच राहिला. मग एका जाणकारानं सांगितलं ते लिहून ठेवतो. फोटो ओला असेल तर स्वच्छ गार पाण्यात ठेवायचा, तो आपसूक सुटू शकतो. एकदा वाळून चिकटला की हात लावायचा नाही, काचेसकट स्कॅन करायचा. आणि मागचा लाकडी पाट काढून टाका, त्यातल्या आम्लानं कागद तपकिरी पडतो. कडेला आरशासारखी निळसर चमक आली असेल तर ती बुरशी नाही, फोटोतली चांदीच वर आलेली असते. पुसत बसू नका.

*कराड*
खालच्या यादीत सगळ्या मास्तरांची नावं आहेत, डिग्रीसकट. टोकाला घंटेचा टोल धरून उभ्या शिपायाखाली नुसतं 'शिपाई'. चुलत्यांना विचारलं तर त्याचं नाव, गाव, तो कुणाला छडीपासून वाचवायचा, सगळं तोंडपाठ. मी पेन्सिलीनं मागच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतलं. मास्तरांपैकी त्यांना दोघंच आठवले.

*विटा*
कराडकर, पेन्सिलच वापरलीत ते बरं केलंत, बॉलपेनची शाई पुढं उमटते. माझ्याकडे १९५८ चा आहे, पहिल्या रांगेत पाच मुली, पण यादीत 'कु.' लावून फक्त आडनावं. त्या वर्षी इथं अकरावीला कुणाची आई, आजी, आत्या होती का? फोटो टाकतो, ओळखा.