नव्या डोमेनवरून वार्तापत्र: आधी कोणाला, मग किती

कार्यवाह:
यादी ९,००० पत्त्यांची, डोमेन नवे. वार्तापत्र सगळ्यांना एकदम पाठवले तर? स्वतंत्र आयपी (मेल पाठवणाऱ्या सर्व्हरचा फक्त आपल्यासाठीचा पत्ता) घ्यावा का?

तंत्रसमिती:
एकदम नको. नव्या डोमेनला जीमेल-याहूकडे पत (भरवशाचा पाठवणारा म्हणून ओळख) नसते. अचानक हजारो मेल दिसले की स्पॅमचा संशय येतो. स्वतंत्र आयपीही नको. महिन्याला दोन पत्रांवर त्याची पत टिकत नाही, इतरांबरोबर वाटून घेतलेला सामायिक आयपी पुरेल.

आधी डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीत) तीन नोंदी लावा: एसपीएफ (कोणते सर्व्हर आपल्या नावाने मेल पाठवू शकतात), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही, २०४८ बिटांची की) आणि डीमार्क (या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचे काय करायचे). डीमार्कचे धोरण सुरुवातीला 'नन' (काहीच कारवाई नको) चालेल. एसपीएफ तपासताना लागणाऱ्या डीएनएस विचारणा (लुकअप) १० च्या वर गेल्या की तपासणीच फसते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. जीमेल पत्त्यांना दिवसाला ५,००० च्या घरात मेल जाणार असतील, तर फेब्रुवारी २०२४ पासून हे तिन्ही आणि एका क्लिकची सदस्यत्व-रद्द सोय सक्तीची आहे. एकदा हा आकडा गाठला की 'मोठ्या संख्येने पाठवणारे' हा शिक्का कायमचा.

मग एकच अंक गटागटाने, दिवसाला एक हप्ता असा पाठवा: २००, ४००, ८००, १,६००, ३,०००, शेवटी उरलेले. पहिल्या हप्त्यात अलीकडे क्लिक केलेले किंवा उत्तर दिलेले सभासद घ्या. 'मेल उघडला' या नोंदीवर विसंबू नका. ही नोंद मेलमधले चित्र उतरवले गेले की होते, आणि ॲपल मेल २०२१ पासून चित्रे स्वतःच आधी उतरवून घेऊ शकते. आकडे म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे, क्रम मात्र चुकवू नका.

कार्यवाह:
मध्येच समोरच्या सर्व्हरकडून ४२१ हा कोड आला तर?

तंत्रसमिती:
४ ने सुरू होणारा कोड म्हणजे तात्पुरती अडवणूक. आपला सर्व्हर स्वतः पुन्हा प्रयत्न करतो, हाताने परत पाठवू नका. दुसऱ्या दिवशी आकडा वाढवायचा नाही. अडवणूक चालूच राहिली तर निम्मा करा. ५५० ५.१.१ म्हणजे तो पत्ताच अस्तित्वात नाही, लगेच काढा.

पोस्टमास्टर टूल्समध्ये (पाठवणाऱ्यांसाठीचे गूगलचे मोफत साधन) स्पॅम तक्रारी ०.१ टक्क्याखाली हव्यात, ०.३ ला पोचल्या तर पाठवणेच थांबवा. लहान हप्त्यांना तिथे आकडे दिसत नाहीत, म्हणून तेव्हा बाउन्सवर (न पोचता परत आलेल्या मेलवर) नजर ठेवा. सदस्यत्व रद्द करण्याची लिंक ठळक असू द्या. ती सापडली नाही की लोक सरळ स्पॅमचे बटण दाबतात.

दोन वर्षे गप्प असलेले पत्ते या हप्त्यांत नकोतच. सगळे स्थिरावल्यावर त्यांना 'यादीत राहायचे का?' एवढेच विचारा, थोड्याथोड्यांना. उत्तर न देणारे वगळा.